लाल पट्टा, निळा पट्टा

मंगळवार, ४ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलंय. बोलायला घरात कोणी नाही अशातला भाग नाही, बाबा आहेत. पण ज्यांच्यासाठी जीव घाबरतो त्यांनाच ते कसं सांगणार?

गेल्या महिन्यात बाबा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, कोपर तेवढं सोललं. पण तो आवाज! मी पायमशीनवर एका पँटची उंची कमी करत होते आणि आतून धप्प. तेव्हापासून शेजारच्या घरात पातेलं पडलं तरी मी उठून आत धावते. त्यांचं वय एक्याऐंशी, माझं चोपन्न, आणि उचलायला तिसरं माणूस नाही. दादा आहे, पण तो दुसऱ्या गावी, फोनवर.

आज हॉस्पिटलमधून पट्टे आले. म्हातारी माणसं घरात का पडतात याचा तिथे अभ्यास चाललाय. कमरेला रबरी पट्टा बांधायचा, त्यात काडेपेटीएवढी डबी. माणूस बसलाय की उभा आहे, किती वाकलाय, किती पावलं टाकली, कसा वळला, जिना चढला का उतरला, सगळं त्या डबीला कळतं म्हणे. म्हाताऱ्या माणसाबरोबर घरातलं एक धडधाकट माणूसही पट्टा बांधतं, तुलनेसाठी. बाबांना लाल, मला निळा. दर मंगळवारी अहवाल फोनवर येणार. पट्टे घेऊन आलेली मुलगी चटपटीत आहे. तिने दहा सूचना दिल्या, त्यातल्या मला दोन आठवतात: अंघोळ सोडून दिवसभर बांधायचा, आणि झोपताना पट्ट्यासकट चार्जिंगला लावायचा.

बाबा म्हणाले, "गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तसं झालं हे."

"हो. हरवू नका म्हणून."

"मी कसला हरवतोय? दाराशी हवालदार बसलाय."

हवालदार म्हणजे मी. माझं मशीन बाहेरच्या खोलीत, दाराच्या समोरच आहे, आणि माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय या घरातून कोणी बाहेर पडत नाही. पडूही नये.


शुक्रवार, ७ मार्च

काही विशेष नाही. बाबा रोजच्यासारखे अकरा वाजता खालच्या न्हाव्याकडे पेपर वाचायला गेले. ते जिना उतरत असतात तेव्हा मी मशीन थांबवून पावलं मोजते. अठरा पायऱ्या. अठरावी वाजली की मग पाय पुन्हा मशीनवर.


मंगळवार, ११ मार्च

पहिला अहवाल. मी चष्मा पुसून तीनदा वाचला. बाबा: वयाच्या मानाने चाल संथ पण एकसारखी, खुर्चीतून एका दमात उठतात, तोल ठीक. हुश्श! मी मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणतात, "हे सांगायला डबी कशाला हवी होती? मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

माझ्या पट्ट्याबद्दल मात्र भलतंच. पावलं आखूड, चाल पुढे झुकलेली. खाली कंसात, 'पट्टा सैल असल्यास घट्ट बांधावा.' मी हसत सुटले. चाळीस वर्षं मशीनवर वाकून काढलीत, आता काय कवायत करत चालू? पट्टा एक घर घट्ट केला.


बुधवार, १२ मार्च

बाबांना चहा देताना कप माझ्या हातून निसटला आणि त्यांच्या लाल पट्ट्यावर सांडला. भाजलं नाही, नशीब. नाहीतरी माझा निळाही घामट झालाच होता, म्हणून दोन्हींतल्या डब्या काढून पट्टे साबणाच्या पाण्यात टाकले. संध्याकाळपर्यंत वाळले. डब्या पुसून परत बसवल्या. लाल बाबांना, निळा मला. स्वच्छ पट्टा बांधला की बरं वाटतं.

बाबा मात्र त्या सांडलेल्या कपाकडे बघत बसले होते. "कुठला हात होता गं?" असं विचारलं. कप फुटलाही नाही, आणि यांच्या चौकशा.


मंगळवार, १८ मार्च

दुपारपासून मशीन बंद आहे.

अहवाल आला. बाबांची पावलं आखूड झाली आहेत. वळायला सात-सात पावलं लागतात. खुर्चीतून उठताना दोन-तीन झटके घ्यावे लागतात. दारापाशी थबकतात. चालताना पुढे झुकतात. आणि खाली लाल अक्षरात: 'पडण्याचा धोका वाढला आहे.'

एका आठवड्यात? मागच्या मंगळवारी तर सगळं ठीक होतं. मी लगेच त्यांना सांगितलं, उठा, दारापर्यंत जाऊन परत या. ते गेले, आले. काहीच थबकले नाहीत. पण ते मी बघत होते म्हणून. शाळेत तपासनीस आला की आम्ही सगळी कशी ताठ बसायचो, तसंच ते. डबीसमोर सोंग करता येत नाही.

माझं मात्र सुधारलंय. चाल संथ पण एकसारखी. बघा, पट्टा घट्ट करण्याचा अवकाश होता. त्यांचं बिघडलं त्याच आठवड्यात माझं सुधारलं याची लाजच वाटली.


गुरुवार, २० मार्च

बँकेतल्या बाई आल्या होत्या, त्यांचा कोट तयार होता. द्यायला उठले, आणि दारातल्या त्या मेल्या पायपुसण्यात पाय अडकला. टेबल धरलं म्हणून वाचले. टाचण्यांचा डबा मात्र आडवा झाला. बाई म्हणाल्या, "काय हो, रागावलाय का माझ्यावर? हल्ली चेहरा असा का?" मी म्हटलं, रागावते कशाला, मी तर हसतेय. त्या कशाबशा हसल्या आणि कोट घेऊन गेल्या.

बाबा तेव्हा खाली न्हाव्याकडे होते. बरंच झालं. त्यांनी पाहिलं असतं तर पायपुसण्यावरून मलाच भाषण दिलं असतं.

काजं करायला हल्ली वेळ लागतो. डावा हात आळसावलाय, उजवा काम करतो आणि हा कापडावर नुसता ठेवल्यासारखा असतो.


मंगळवार, २५ मार्च

गुरुवारी सकाळी अकरा वीसला बाबांचा तोल गेला होता. अहवालात वेळेसकट आहे: 'अडखळणे, सावरले.' आणि माझ्याजवळ एक शब्द बोलले नाहीत!

मी विचारलं तर चक्क म्हणाले, "मी? मी नाही अडखळलो."

"डबी खोटं बोलते का?"

"डबी खोटं बोलत नसेल. पण मीही बोलत नाही."

आयुष्यात या माणसाने मला खोटं सांगितलेलं नाही. लग्न मोडून मी बावीस वर्षांपूर्वी एका बॅगेसह या दारात उभी राहिले, तेव्हा एक प्रश्न विचारला नाही, नुसतं म्हणाले, मशीन कुठे ठेवायचं ते ठरव. आणि आता या वयात माझ्यापासून लपवायला लागले. का, तर मी घाबरीन म्हणून. अहो, न सांगितल्याने मी दुप्पट घाबरते!


बुधवार, २६ मार्च

न्हाव्याला जाऊन जाब विचारला. गुरुवारी अकरा वीसला काका तुझ्या दुकानात अडखळले की नाही?

तो कात्री हातात धरून बघतच राहिला. "ताई, काका खुर्चीत होते. तोंडाला फेस लावलेला. उठणार कसे?"

"घड्याळ बरोबर आहे का तुझं?"

"फोनवरचंच बघतो ताई."

दोघांचं साटंलोटं आहे, दुसरं काय. रोज एकत्र पेपर वाचतात. मी वर आले. दारापाशी क्षणभर थांबले, आत कशाला जायचं तेच आठवेना, आणि पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले. भीतीने माणसाचं असं होतं हे ऐकलं होतं, आता कळलं.


शुक्रवार, २८ मार्च

बाबांचे बूट कपाटात, कापडाच्या गठ्ठ्यामागे ठेवून दिले. सपाताही. वाईट वाटतं, पण पडून मांडीचं हाड मोडलं म्हणजे? खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं तसंच झालं होतं. हाड जुळलं, पण माणूस परत आला नाही.

बाबा अकरा वाजता दाराशी आले. बूट कुठे म्हणून विचारलंही नाही. माझ्याकडे पाहिलं, मग मोज्यांकडे पाहिलं, आणि जाऊन खुर्चीत बसले. पेपर मीच खालून आणून दिला. तो त्यांनी उघडला नाही.

दादाला फोन केला, सगळे अहवाल पाठवले. तो म्हणाला, "हे बघ, तू एकटीने हे ओढू नकोस. इथे माझ्याजवळ एक वृद्धनिवास आहे, चोवीस तास नर्स असते. मी बोलतो." मी नाही म्हटलं. मग फोन ठेवल्यावर बराच वेळ मशीनवर हात ठेवून बसून राहिले.

दूध करपलं आज. बाबा आतून ओरडले, "अगं वास येतोय!" मला काही आला नाही. सर्दी असेल.


मंगळवार, १ एप्रिल

बाबांचा धोका आणखी वाढला. आठवड्यात दोनदा तोल गेला, दोन्ही वेळा दुपारी. मी दुपारभर समोर बसलेली असते! एवढं डोळ्यांत तेल घालून बघते आणि तरी मला दिसत नाही. मी कुठे चुकतेय?

त्यातून माझ्या अहवालाने तर कहरच केला. 'आपले चालणे गेल्या आठवड्याच्या निम्म्याहून कमी झाले आहे. दिवसातील बहुतेक वेळ आपण बसून असता. कृपया हालचाल वाढवा.' मी? दूध, पेपर, औषधं, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं आता मीच करते, दिवसभर भिंगरीसारखी फिरते, आणि मला म्हणतात हालचाल वाढवा! पट्ट्यांच्या मुलीला फोन लावला होता. ती म्हणाली, "असं व्हायला नको काकू, येऊन बघून जाते." तिला दहा दिवसांनंतरची वेळ मिळालीय.

दादाने फॉर्म भरलाय. बारा तारखेला गाडी घेऊन येतो म्हणाला.

मी हो म्हटलं. लिहिताना हात थरथरतोय, पण हो म्हटलं. ते माझ्या डोळ्यांदेखत पडले तर मी जगू शकणार नाही, आणि डबी सांगतेय की ते पडणार आहेत.


गुरुवार, ३ एप्रिल

बाबांना अजून बारा तारखेचं सांगितलेलं नाही. जेवताना ते अचानक म्हणाले, "तुझ्या आत्याचं अक्षर आठवतं का तुला?"

आत्या जाऊन तीस वर्षं झाली. मला तिचे शेवटचे दिवस तेवढे आठवतात, चमच्याने भरवायचो ते. अक्षर कुठलं आठवायला?

"शेवटी शेवटी इतकं बारीक लिहायची, की पत्र भिंगाने वाचायचो मी," बाबा म्हणाले. "तुझी ती वही दाखव जरा."

मी नाही दाखवली. त्यात सगळं त्यांच्याबद्दलच आहे. आणि माझं अक्षर काय वाईट आहे? उलट आता बारीक लिहायला लागले तर एका पानात पूर्वीच्या दोन पानांचं मावतं. एवढीशी वही वर्षभर पुरेल. ड्राफ्ट्समनच्या पोटी जन्माला आलं की असंच. चाळीस वर्षं पुलांचे नकाशे काढलेला माणूस, दुसऱ्याच्या रेघा मोजल्याशिवाय चैन पडत नाही.


रविवार, ६ एप्रिल

आज मी फार वाईट काम केलं.

बँकेतल्या बाईंचा दुसरा कोट द्यायचा होता, त्यांना स्वतः येता येत नव्हतं. बाबांना एकटं कसं सोडू? म्हणून बाहेरून कुलूप लावलं. जन्मदात्याला कोंडून ठेवलं मी. कुलपाचा आवाज आतून त्यांना नक्की ऐकू गेला असणार.

जीव त्यांच्यात अडकलेला, त्यामुळे जिना उतरताना पायांना नुसती घाई सुटली. थांबवता येईनात. शेवटच्या चार पायऱ्या तर धावतच उतरले, न्हावी दारात उभा होता त्याने दंड धरला म्हणून नाकावर आपटले नाही. "ताई," तो म्हणाला, "काकांचं राहू द्या, तुम्हीच जरा जपा." मी म्हटलं, तू तुझं दुकान सांभाळ. पाच वाजून गेले होते, बाई वाट बघत असणार.

परत आले तर बाबा खुर्चीत तसेच, दिवाही लावला नव्हता. मग सांगून टाकलं. वृद्धनिवास, बारा तारीख, सगळं. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "जातो. पण एक अट आहे. मी गाडीत बसायच्या आधी तू डॉक्टरकडे जायचं. तुझा तो डावा हात दाखवायचा."

"माझ्या हाताला काय धाड भरलीय? इथे तुमचं काय चाललंय आणि तुम्ही माझा हात काढून बसलात!"

"चालताना तो हलत नाही, बाळ."

बाळ! गेल्या कित्येक वर्षांत मला त्यांनी हवालदारशिवाय दुसरी हाक मारलेली नाही. विषय बदलायची ही त्यांची युक्ती. मी आत जाऊन भांडी घासली. भीती वाटत होती, आणि ती नेमकी कशाची ते कळत नव्हतं.


मंगळवार, ८ एप्रिल

हे नीट लिहून काढायला हवं.

अहवाल: रविवारी संध्याकाळी पाच दहाला बाबा जिना उतरले. अठरा पायऱ्या. शेवटच्या चार धावत. तोल गेला, सावरले.

रविवारी पाच दहाला बाबा या घरात होते. बाहेरून कुलूप होतं. किल्ली माझ्या हातात होती.

दुसरी किल्ली आहे का म्हणून मी घर पालथं घातलं. गादीखाली पाहिलं, त्यांच्या नकाशांच्या नळकांड्यांत पाहिलं, कोटाचे खिसे उलटे केले. बाबा खुर्चीतून बघत होते. "काय शोधतेस?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही कुठून बाहेर पडता ते."

त्यांचे डोळे भरून आले. मी पाहिलं आणि तरी कपाट उपसत राहिले.

अठरा पायऱ्या. शेवटच्या चार धावत. एक विचार आला होता. मी मशीन सुरू केलं आणि आठ उशांचे अभ्रे शिवून काढले. कोणी मागितले नव्हते.


शुक्रवार, ११ एप्रिल

पट्ट्यांची मुलगी सकाळी दहाला आली. बाबा उद्या जाणार म्हणून पट्टे परत न्यायचे होते, आणि माझी तक्रारही बघायची होती. बाबांची बॅग दाराशी भरून ठेवली होती. तिने टेबलावर दोन्ही पट्टे ठेवले, डब्या काढून उलट्या केल्या आणि आपल्या यादीशी ताडून पाहिल्या. मग पुन्हा ताडल्या.

"काकू, लाल पट्टा कोण बांधतं?"

"बाबा. पहिल्यापासून."

"आणि डब्या कधी काढल्या होत्या का?"

"धुतले तेव्हा. बारा मार्चला." तारीख मला पाठ होती, इथे लिहिलेली आहे ना.

तिने एक डबी माझ्यापुढे सरकवली. मग हळूच म्हणाली, "डबीखाली नंबर असतो. एक नंबर काकांचा, दोन नंबर तुमचा. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, नंबर बघून परत बसवायच्या. एक नंबर निळ्या पट्ट्यात आहे, काकू."

सांगितलं असेल. मी नंबर कशाला बघते? चाळीस वर्षं मी रंग बघून काम करते. दोरा रंगावरून, अस्तर रंगावरून, बटणं रंगावरून. पट्टे रंगावरून ओळखले आणि डब्या सारख्याच दिसतात म्हणून हाताला येतील तशा बसवल्या.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर आनंद! बाबा ठीक आहेत. ते अडखळले नव्हते, खोटं बोलले नव्हते, कुठून बाहेर पडले नव्हते. मी बॅगेकडे बघून म्हटलंसुद्धा, "अगं बाई, म्हणजे यांना जायलाच नको!" आणि मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा बघून मग मला दुसरा अर्धा भाग कळला.

तिने मला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. महिनाभर मी बाबांना सांगत होते तसंच. मी गेले. दारापाशी पाय थबकले. वळताना मी मोजलं. सात.

मुलगी म्हणाली की ती डॉक्टर नाही, तिला काही सांगता येणार नाही, पण सोमवारी सकाळी मेंदूच्या डॉक्टरांकडे माझं नाव लावते. तिने माझा हात हातात घेतला. डावा. तो तिच्या हातात हळूहळू थरथरत होता आणि मी तो थांबवू शकत नव्हते.

ती गेल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"डब्यांचं नाही. तुझ्या हाताचं माहीत होतं. थंडी संपायच्या आधीपासून. तुझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी दाराशी ठेवलेली बॅग भिंतीकडे सरकवली. मग म्हणाले, "भ्यालो."


शनिवार, १२ एप्रिल

दादा गाडी घेऊन आला. बॅग उचलायला वाकला, तर बाबांनी ती परत आत नेली. मी गठ्ठ्यामागून बूट काढले आणि त्यांच्या पायाशी ठेवले. खाली बसून नाडी बांधून द्यायला गेले, तर गाठ काही जमेना. त्यांनीच बांधली. मी रडले. दादासमोर, हुंदके देऊन.

"कोंडलं मी तुम्हाला," म्हटलं.

"हवालदाराने कोंडायचं नाही तर काय करायचं?" म्हणाले, आणि अकरा वाजता न्हाव्याकडे गेले. मी पायऱ्या मोजल्या. अठरा, एकसारख्या. मग दादा म्हणाला, "आता तुझं कोण बघणार?" त्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच जिना उतरून गेलं होतं, आणि ते एक्याऐंशी वर्षांचं आहे.


सोमवार, १४ एप्रिल

डॉक्टरांनी बोटं जुळवायला लावली, हात उघडमीट करायला लावले, मनगट धरून वाकवून पाहिलं, चालवलं. कंपवात, आत्याचाच आजार. बरा होत नाही. गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली काढता येतात, तेव्हाच्या मानाने आता औषधं खूप सुधारलीत, व्यायाम करा, रोज चाला. मी सगळं ऐकलं. मग त्यांनी कागद पुढे केला आणि एक वाक्य चार वेळा लिहायला सांगितलं. पहिली ओळ बरी होती. चौथी मलाच वाचता आली नाही.

बाबा शेजारी बसले होते. त्यांनी तो कागद मागून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला.

फार भीती वाटते. आत्याचा चमचा आठवतो.


रविवार, २० एप्रिल

सहा दिवस लिहिलं नाही. वही सापडत नव्हती. बाबांनी घेतली होती.

मी चिडले. आधी न विचारता घेतली म्हणून, मग त्यात त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय ते आठवून. ते म्हणाले, "वाचली नाही. वाचायला भिंग लागलं असतं." आणि वही पुढे केली.

उरलेल्या प्रत्येक पानावर त्यांनी रेघा आखल्यात. जुनी स्टीलची पट्टी आणि टोकदार पेन्सिल काढून, जोडीजोडीने, दोन रेघांत बोटभर अंतर. पुलांच्या नकाशावर मारायचे तशा, कुठे केसभर इकडे-तिकडे नाही. डॉक्टरांना त्यांनी परस्पर फोन करून विचारलं होतं. अक्षर वरच्या रेघेला टेकवायचं आणि खालच्याही. असं लिहिलं की ते आक्रसत नाही.

"वरपासून खालपर्यंत," ते म्हणाले. "मध्ये सोडायचं नाही. लिही."

मी लिहायला बसले. ही सगळी नोंद त्या रेघांतच चाललीय, ते समोर बसलेत आणि अक्षर जरा घसरलं की टेबलावर बोटाने टकटक करतात. आता हवालदार कोण, ते तुम्हीच सांगा. पाहिलं तर शेवटच्या पानापर्यंत आखलंय. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही.

मी म्हटलं, "एवढी घाई कशाला करायची? रोज एक पान आखायचं. तुमच्याही डोळ्यांना बरं."

"मी एक्याऐंशीचा आहे," ते म्हणाले. "तुला अजून पुष्कळ लिहायचंय."

मग त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि सांगितलं की उद्या आणखी दोन वह्या आण, कोऱ्या, जाड कागदाच्या.

मला भीती वाटते. हे वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत लिहिलंय, लांबूनही वाचता येईल एवढं. उद्या बाबांचा हात धरून दुकानात जाणार आहे. त्यांनी दोन सांगितल्यात, मी पाच आणणार.